शनिवारचं लोखंड

कारभारी मिस्त्रीनं ड्रिलचा दांडा फिरवला आणि कान लावून ऐकलं. आतली चाकं कटकट करीत फिरली, मध्येच घसरली, पुन्हा धरली. त्यानं परत फिरवलं, परत तसंच झालं. मग त्यानं ते ड्रिल ओट्यावर आडवं ठेवलं आणि हाताचं काळं वंगण धोतराच्या सोग्याला न पुसता भिंतीला पुसलं. भिंतीवर अशी बोटं आधीचीही होती.

"चाकाचं दातं गेलं," तो म्हणाला.

राहीबाई सुपात मिलो पाखडत होती. रेशनवरची ती तांबडी अमेरिकन ज्वारी, निम्मी किडकी, निम्मी माती. तिनं सूप थांबवलं.

"घासून बसवता न्हाई का यायचं?"

"आजवर घासूनच चालवलं की. आता घासायला काय उरलंय त्यात?"

ते ड्रिल त्यानं साखर कारखान्याच्या भंगारातनं आणलेलं होतं. ऐन उमेदीत तीन-चार हंगाम तो कारखान्यावर फिटरच्या हाताखाली होता. तिथं लोखंड कापायला शिकला, भोक पाडायला शिकला, आटे पाडायला शिकला, आणि आल्यावर बेलखडकच्या पंचक्रोशीत कुणाचंही इंजिन बंद पडलं की माणूस त्याच्याच दारात यायचा. तीन एकर जिरायत होती ती नावाला. घर चालायचं पान्हा-कानशीवर. त्याचं आडनाव लोक विसरून गेले होते. लहानथोर सगळे मिस्त्रीच म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं.

पण ह्या साली पावसानं असा काही दगा दिला की विहिरींचे तळ उघडे पडले. इंजिनं पोत्याखाली झाकून ठेवलेली. बंद इंजिनाला मिस्त्री कशाला लागतो? दिवाळीपासून त्याच्याकडं काम नव्हतं. अख्खं गाव दुष्काळी कामाला पाझर तलावावर जात होतं, बाया पाट्या वाहत होत्या, गडी खडी फोडत होते, दुपारी सुकडी मिळत होती. मिस्त्रीच्या घरातलं मात्र कुणी गेलं नव्हतं.

राहीबाईनं एकदा विषय काढला होता. तेव्हा तो म्हणाला होता, "तिथं गेलो की मी मिस्त्री न्हाई ऱ्हायचो. मुकादम हजेरीला काय म्हनून हाक मारंल मला?" त्यावर तिनं पुन्हा काढला नाही.

आणि नेमकं आज काम आलं होतं, तर ड्रिल गेलं होतं.

काम होतं गहिनीतात्यांचं. गहिनीनाथ म्हणजे गावातला मोसंबीवाला. सात वर्षं लेकरासारखी वाढवलेली त्याची बाग वाळायला लागली होती, पानं द्रोणासारखी मुडपली होती. त्याची विहीर कोरडी होती, पण ओढ्यापलीकडच्या कानिफनाथच्या विहिरीला कमरेइतकं पाणी होतं. कानिफनाथ त्याचा चुलतभाऊ, बोलणं-चालणं बंद असलेला. मध्यस्थी करून करून शेवटी तो तयार झाला: येत्या रविवारपासून आठ दिवस पाणी घे, मग माझ्या मेव्हण्याची बाग आहे, तिला द्यायचंय. गहिनीतात्यानं त्या विहिरीवर आपलं इंजिन नेऊन ठेवलं आणि पुण्याहून करड्या रंगाचा कडक प्लॅस्टिकचा पाइप आणला. आता लोखंडाच्या दोन चकत्यांना नटांसाठी चार-चार भोकं पाडून पाइप इंजिनाला जोडायचा आणि पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला बारीक भोकांची जाळी पाडायची, म्हणजे चिखल वर ओढला जाणार नाही.

"मिस्त्री, रविवारी सूर्य वर यायच्या आत पानी चालू पायजे," गहिनीतात्या सांगून गेले होते. "हे जमलं तर म्होरं आनखी दोन बागांचं काम तुझंच. मी बोललोय त्यांच्या मालकांशी. बाहेरचा फिटर आनायची मला हौस न्हाई."

म्हणजे उन्हाळाभराचं काम होतं. खडीवर जायचं टळत होतं.

"उद्या नगरला जाऊ," कारभारी म्हणाला. "नवं घ्यावं लागंल. तूबी चल. सामान धरायला कुनीतरी पायजे."

सामानाचं निमित्त होतं. घासाघीस त्याला जमायची नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

आतनं गोजरबाई, म्हणजे कारभारीची आई, म्हणाली, "उद्या शुक्रवार हाय. उद्याच्या उद्या घिऊन या. परवावर टाकू नगा."

"न्हाई टाकत आत्याबाई," राहीबाई म्हणाली.

शनिवारी लोखंड घेत नाहीत आणि घरातही आणत नाहीत, हे तिला सासूनं सांगायची गरज नव्हती. राहीबाईचं माहेर शिंगणापूर. ज्या गावात घरांना चौकटी असतात पण दारं नसतात, त्या गावात ती वाढली होती. उघड्या घरात निजायची तिला लहानपणापासून सवय, भीती कधी वाटली नव्हती, कारण राखणारा देव चौथऱ्यावर उभा होता. जो राखतो त्याचा वार मोडायचा नाही, एवढं साधं होतं. आणि सासरी येऊन पाहते तो सासूचीही तीच धास्ती. गोजरबाईच्या नवऱ्यानं एकदा शनिवारी नांगराचा फाळ घरी आणला होता आणि त्याच साली तो विहिरीत पडून गेला. तो दारू पिऊन पडला असं गाव म्हणायचं. गोजरबाई फाळाचं म्हणायची.

*

शुक्रवारी सकाळची एस्टी घोडेगावच्या थांब्यावर उशिरा आली आणि भरून आली. वाटेत दोन्ही बाजूंनी नुसती काळी ढेकळं. छावणीकडं निघालेली जनावरं रस्त्यानं हाडं हलवीत चालली होती. नगरला उतरेपर्यंत उन्हं चढली.

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत शामकांतरावांचं हत्यारांचं दुकान. वडील कचेरीत कारकून होते, ह्यांनी दुकान टाकलं. चष्मा, पांढरा सदरा, कानाला पेन्सिल. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाच्या कपड्याकडं आधी बघायची सवय लागलेली.

"काय हवंय?"

"भोकं पाडायचं ड्रिल. हातानं फिरवायचं."

शामकांतरावांनी तीन ड्रिलं फळीवर मांडली. एक विलायती, जाडजूड, छातीला टेकवायचा पत्रा असलेलं. दांडा फिरवला तर आवाजच नाही. दुसरं मुंबईचं. तिसरं पंजाबकडून आलेलं, हिरव्या रंगाचं, रंगाचे ओघळ तसेच वाळलेले.

कारभारीनं विलायती हातात घेतलं आणि किती तरी वेळ नुसतंच धरलं. मग ठेवून दिलं.

"त्याची किंमत ऐकायची नाही का?" शामकांतरावांनी विचारलं.

"ऐकून काय करू? हातात घिऊन बघितलं, बास."

त्यानं हिरवं उचललं. चाकात चाक नीट बसतंय का पाहिलं. बीट, म्हणजे भोक पाडायचं टोक, धरायचा जबडा उघडला, मिटला, त्यात खिळा धरून ओढून पाहिला. एक जबडा किंचित वाकडा होता. तो पाहून त्यानं दुसरं हिरवं मागितलं, मग तिसरं. तिसरं पसंत पडलं.

"हेच बरं हाय का?" राहीबाईनं हळूच विचारलं. "सगळ्यात हलकं दिसतंय."

"हलकंच हाय. पन फिरवनारा मी हाय ना. मशीन हलकं असलं तर चालतं, जरा जास्ती दमायचं. बीट मातर चांगलं पायजे. भोक बीट पाडतं, मशीन न्हाई." मग तो दुकानदाराकडं वळला. "करवतीची पाती द्या दोन. बारीक दात्याची. जाड दात्याची पाइपाला अडकत्यात, प्लॅस्टिकचं तर कपचंच उडवत्यात."

पाती त्यानं वाकवून पाहिली, सोडली, पुन्हा सरळ झाली का पाहिलं. इथवर सगळं बेतात बसलं होतं. राहीबाईनं ड्रिलामागं थोडे पैसे कमी करून घेतले होते आणि शामकांतराव तिच्याकडं न बघता "बाई पक्क्या दिसतात" असं कारभारीला म्हणाले होते.

मग बिटांचा डबा निघाला. कारभारीनं एक बीट उचललं आणि दुकानाच्या दगडी उंबऱ्यावर अलगद टाकलं. आवाज आला तसा त्यानं मान हलवली. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं.

"ह्ये बद्द वाजतंय," तो म्हणाला. "पोलाद नरम हाय. लाकडाला ठीक. लोखंडाला दोन-चार भोकं पाडंल न् बसंल. हायस्पीडची, कडक पोलादाची न्हाईत का?"

"होती. संपली. दुष्काळात सगळे बोअरवाले तीच नेतात." शामकांतरावांनी चष्मा वर ढकलला. "पार्सल स्टेशनावर येऊन पडलंय, पण आज सोडवून मिळणार नाही. उद्या सकाळी दहाला दुकानात असेल. उद्या या."

कारभारीनं बायकोकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच पाहत होती.

"उद्या शनिवार हाय," राहीबाई म्हणाली.

"मला ठावं हाय."

शामकांतराव हसले. "मग असं करा. पैसे आज देऊन जा. म्हणजे घेतलं शुक्रवारीच. माल उद्या अकराच्या एस्टीत कंडक्टरजवळ ठेवून देतो. घोडेगावला उतरवून घ्या. मी अर्ध्या जिल्ह्याला असंच पाठवतो."

कारभारीचा चेहरा उजळला. त्यानं खिशाकडं हातही नेला. आणि तिथंच राहीबाई आडवी आली.

"पैशे शुक्रवारी दिलं तरी लोखंड घरात शनिवारीच येनार ना?" ती म्हणाली.

"घरात कशाला आनू? तात्याच्या इहिरीवर नेतो परभारं."

"आन् काम झाल्यावर? तिथंच ठिवनार? आवं, आत्याबाईंनी निघताना काय सांगितलं? तुमच्या बापाचं काय झालं ते तुमी मला सांगता का मी तुमाला सांगू?"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतीय. मी तुमाला कवा अडवलंय का? आज अडवतीय." तिचा आवाज खरोखरच खाली होता. "ह्या साली सगळंच वंगाळ चाललंय. हाय त्यात आनखी वडून घिऊ नगा. आन् उद्या दुपारी एस्टी यायची, ती उशिरा आली म्हंजी? पार्सल सुटलंच न्हाई म्हंजी? हीच बिटं घ्या जास्तीची. सकाळी तांबडं फुटायला कामाला लागा. आख्खा दिस हातात ऱ्हाईल."

ह्यातलं शेवटचं बोलणं शहाणपणाचं होतं, आणि तेच घात करून गेलं. नुसत्या शनीच्या नावावर कारभारी थांबला नसता. पण एस्टी खरंच उशिरा यायची, आणि रविवारी पहाटे पाणी चालू व्हायचं होतं. तो डब्यातली बिटं बोटांनी चाळत उभा राहिला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला शामकांतरावांनी बिजागऱ्या दाखवल्या, ते गेलं, तरी हा चाळतोच आहे.

"घरच्या बाईला विचारून घेतलेलं हत्यार मी परत घेत नाही हां," शामकांतराव म्हणाले. चेष्टेनंच म्हणाले, पण कारभारीचे कान लाल झाले.

"द्या हीच," तो म्हणाला. "निवडून देतो मी."

त्यानं एकेक बीट उंबऱ्यावर टाकून त्यातल्या त्यात बरी वाजणारी निवडली. राहीबाईनं ती फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली. परतीच्या एस्टीत तिला हलकं हलकं वाटत होतं. मोठ्या संकटातनं घर वाचवलं असंच तिला वाटलं, आणि तिनं त्याला आपल्या वाट्याची भाकरीसुद्धा आग्रह करून दिली.

*

शनिवारी उजाडायच्या आत दोघं कानिफनाथच्या विहिरीवर होती. कारभारीनं आंब्याच्या ओंडक्यावर लोखंडाची चकती खिळ्यांनी जखडली, पोगराच्या पोलादी टोकानं खूण ठोकली, ड्रिलची मूठ छातीशी दाबली आणि फिरवायला लागला. राहीबाई बाजूला बसून भोकात थेंब थेंब तेल सोडत होती. पहिलं भोक पडलं. लोखंडाचे बारीक वळे बाहेर आले. तिनं एक उचलून पाहिला, गरम होता.

"पडतंय की," ती म्हणाली.

त्यानं बीट दुसऱ्या खुणेवर टेकवलं. दुसऱ्या भोकाला वेळ लागला. तिसऱ्याला वळे यायचे थांबले, नुसता भुगा यायला लागला. त्यानं बीट काढून पाहिलं. धार गेली होती, टोक निळं पडलं होतं. दगडावर घासून धार लावली, पुन्हा चढवलं. चौथं भोक अर्ध्यावर गेलं आणि बीट नुसतंच घुमायला लागलं. दुसरं बीट घेतलं.

ऊन वर आलं. त्याच्या छातीवर ड्रिलच्या मुठीचा तांबडा गोल वळ उठला. घाम नाकाच्या शेंड्यावरून चकतीवर पडत होता. दुपारपर्यंत पहिली चकती कशीबशी पुरी झाली आणि दुसरीवर तीन भोकं पडली. चौथ्याला त्यानं अंगाचा सगळा भार टाकला, आणि कट्ट झालं. तो ओंडक्यावर तोंडघशी आला. बिटाचं निम्मं टोक चकतीतच अडकून राहिलं होतं, आणि उरलेल्या थोटकानं त्याच्या डाव्या तळव्याची कातडी फाडली होती.

राहीबाईनं पदर फाडला. त्यानं हात बांधून घेतला, पण नजर चकतीवर.

"निघंल का ते?"

"निघनार न्हाई. त्या भोकाला नटच बसवायचा न्हाई. तीन नटांवर धरू."

तेवढ्यात बांधावरनं गहिनीतात्या आले. चकती पाहिली, हात पाहिला.

"किती ऱ्हायलंय?"

"जाळी ऱ्हायलीय तात्या. प्लॅस्टिकला काय येळ लागतोय."

हे तो खोटं बोलला नाही. नीट धारेच्या बिटाला वेळ लागत नाही. पण त्याच्याकडं आता जी बिटं उरली होती ती सगळी लोखंडावर बसून बोथट झालेली. पाइपाच्या टोकाला त्यानं पहिली ओळ पाडली. प्लॅस्टिक कापलं जाण्याऐवजी वितळून बिटाला चिकटत होतं, जळका वास सुटला होता. तो हळू फिरवत होता, दर भोकाला बीट पुसत होता. दुसरी ओळ झाली. राहीबाईनं पाइप दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता. तिच्या गुडघ्यांना कळलं ते आधी, आवाज मागाहून आला. बीट आरपार जाताना अडकलं, पाइपाला हिसका बसला, आणि भोकापासून एक चीर निघाली ती तिच्या मांड्यांमधनं वर हातभर सरकत गेली.

कारभारीनं चिरेवरनं बोट फिरवलं. मग बोट तोंडात घालून ओलं केलं आणि पुन्हा फिरवलं, जणू पुसली गेली असती.

"तेवढा भाग कापून टाकता न्हाई का यायचा?" तिनं विचारलं.

"तेवढा कापला तर टोक पान्याला पोचत न्हाई."

गहिनीतात्या लांब कडुलिंबाखाली बसले होते. त्यांना जाऊन सांगायला कारभारी उठला. राहीबाई पाइप तसाच धरून बसली. तिकडचं बोलणं तिला ऐकू आलं नाही. तात्या उभे राहिलेले दिसले, आणि मग पुन्हा बसलेले दिसले.

*

चिरेवर डांबर लावलं, वर सायकलची ट्यूब गुंडाळली, वर काथ्या आवळला. रविवारी पहाटे इंजिन चालू केलं. पाइपानं पाणी ओढलं, मोसंबीच्या पाटात पाणी आलं, तात्यांच्या म्हाताऱ्या आईनं त्यात हात बुडवून डोळ्यांना लावला. मग पाइप हवा ओढायला लागला. इंजिन मोकळं धावायला लागलं, पाणी तुटलं. कारभारीनं विहिरीत उतरून चिखलात बसून ट्यूब पुन्हा आवळली. पुन्हा आलं, पुन्हा तुटलं. असं दुपारपर्यंत चाललं. पाणी पाटात पहिल्या ओळीपलीकडं गेलंच नाही.

काठावर कानिफनाथ येऊन उभा राहिला. "माझं आठ दिस म्हंजी आठच दिस हां," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमचं पानी येवो न येवो."

दुसऱ्या दिवशी तात्यांचा माणूस फिटर ठरवायला नगरला गेला. नवा पाइप पुण्याहून यायला वेळ लागला. फिटर आला तो बुधवारी संध्याकाळी, खाकी कपड्यात, हत्यारांची पत्र्याची पेटी घेऊन. गुरुवारी सकाळी त्यानं पेटी उघडली. तात्यांनी निरोप धाडला म्हणून कारभारी गेला होता, पाइप धरायला माणूस हवा होता. राहीबाई त्याची भाकरी घेऊन गेली आणि बांधाजवळच थांबली.

फिटरचं बीट लोखंडात असं उतरत होतं की तेल सोडणाऱ्याला उसंत नव्हती. लांब लांब वळे निघत होते. कारभारी पाइप धरून त्या वळ्यांकडं पाहत होता. हाताला अजून तिच्या पदराची चिंधी होती.

फिटरनं जुनी चकती उचलली, अडकलेलं टोक नखानं टोकरलं. "हे कुणी केलंय?"

"हितल्याच एका मानसानं," गहिनीतात्या म्हणाले.

तात्यांनी नाव सांगितलं नाही ते भिडेनं, हे राहीबाईला कळत होतं. पण 'मिस्त्रीनं' असंही ते म्हणाले नाहीत, तेही तिला कळलं. कारभारीनं मान वर केली नाही. तिला वाटलं, जाऊन ओरडावं, की त्यांनी नव्हं, मी केलंय. त्यांनी तर उंबऱ्यावर टाकून सांगितलं होतं, पोलाद नरम हाय म्हणून. पण बाईमाणूस, परक्या विहिरीवर, दोन भावांच्या भांडणात काय बोलणार? तिनं भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि ती परत फिरली.

पाणी मिळालं ते तीन दिवस. पहिल्या ओळी तगल्या, मागची निम्मी बाग गेली. पुढच्या दोन बागांचं काम फिटरनं आधीच ठरवून घेतलं होतं.

घरी गोजरबाई म्हणाली, "चला, बिटावर निभावलं. शनिवारी आनलं असतं तर जिवावर बेतलं असतं."

तिचा त्यावर पक्का विश्वास होता. राहीबाईनंही त्या बोलण्याला चिकटून बघितलं. चुलीशी, जात्याशी, पाण्याच्या टँकरच्या रांगेत ती मनाशी तेच घोकत राहिली. पण प्रत्येक वेळी मधे उंबऱ्यावरचा तो बद्द आवाज यायचा. नवऱ्यानं एकदा तरी बोलावं, शिव्या घालाव्यात, तुझ्यामुळं झालं म्हणावं, म्हणजे सुटेन असं तिला वाटायचं. एकदा ती होऊनच म्हणाली, "माझंच चुकलं."

तो हिरवं ड्रिल पोत्यात गुंडाळत होता. "बिटं मी निवडली," तो म्हणाला, आणि पोतं माळ्यावर टाकलं.

*

पाझर तलावावर ती दोघं गेली तेव्हा हजेरी चालू होती. भिमाजी मुकादम दगडावर बसून नावं घेत होता. बारवकर कारभारी, असं त्यानं पुकारलं तेव्हा रांगेतल्या निम्म्या लोकांनी हा कोण म्हणून वळून पाहिलं.

"अगं बया, मिस्त्रीचं आडनाव बारवकर व्हय?" शेजारची लंकाबाई म्हणाली. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. हातातली पाटी दुसऱ्या काखेला घेत ती पुढं सरकली.

माती वाहायचं काम संपत आलं होतं. आता खडी फोडायला माणसं हवी होती. भिमाजीनं पोतं ओतलं. नव्या हातोड्यांची डोकी खणखणत एकमेकांवर पडली. "दांडं ज्याचं त्यानं घालायचं. हातोडी ज्याच्या त्याच्या घरी. हरवली तर मजुरीतनं कापनार. घ्या पटापटा."

गडी पुढं झाले. बायांच्या घोळक्यात कुजबुज झाली.

"मुकादम, सोमवारी घेतो आमी," लंकाबाई म्हणाली. "आज नगं. वार कंचा हाय बघा की."

"सोमवारी ऱ्हायल्या तर घ्या. न्हाईतर सोमवारपास्नं पाटीचंबी काम न्हाई आन् खडीचंबी न्हाई. माझ्या हातात न्हाई ते."

बाया जागच्या हलल्या नाहीत. राहीबाई पाटी खाली ठेवून पुढं झाली. कारभारी तिच्या पलीकडंच उभा होता. इतके दिवस तो त्या वाराबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

"राहे," तो म्हणाला. "आज शनिवार हाय."

"ठावं हाय मला."

तिनं वाकून एक हातोडी उचलली. हातात गार आणि जड लागली. उचलताना शिंगणापूरचा चौथरा तिच्या डोळ्यांपुढं आला. तिनं मनातल्या मनात हात जोडले, पण हातोडी सोडली नाही. मागं लंकाबाईनं तोंडावर पदर घेतला.

कारभारीनं हातोडी तिच्या हातातनं घेतली. उलटीपालटी करून पाहिली, दांड्याच्या भोकातनं उजेड पाहिला. मग सवयीनं, जसं तो कोणत्याही लोखंडाचं करायचा तसं, वाकून ती खडकावर अलगद टाकली आणि कान लावला. ती घंटेसारखी वाजली.

"पोलाद चांगलं हाय," तो म्हणाला.

त्यानं हातोडी उचलून तिच्या पाटीत ठेवली, आपल्यासाठी दुसरी घेतली आणि दांड्याला बाभळीचं लाकूड मिळतंय का ते बघायला ओढ्याकडं गेला.